बर्लिनच्या डुकरिणी, त्यांची दूधपिती पिल्ले आणि एक प्रोबायोटिक

१ जानेवारी २००६ पासून युरोपीय संघात केवळ वजनवाढीसाठी जनावरांच्या खाद्यात प्रतिजैविके मिसळणे बंद झाले. स्वीडनने हे १९८६ मध्येच केले होते, डेन्मार्कने नव्वदच्या दशकाच्या शेवटी. तारीख सगळ्यांना आधीपासून माहीत होती, म्हणून त्याआधीची काही वर्षे पर्याय विकणाऱ्यांची चलती होती. सेंद्रिय आम्ले, वनस्पतींचे अर्क, यीस्ट आणि प्रोबायोटिक म्हणजे जिवंत, उपयोगी जीवाणू. कंपनीचे माहितीपत्रक उघडले की प्रत्येक पुडीत हगवण थांबायची, वजन वाढायचे आणि मरतूक घटायची.

त्याच सुमारास बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीतील पशुवैद्यक शाखेत एका गटाने एकच जीवाणू घेऊन तो डुकरिणींना आणि त्यांच्या पिल्लांना देऊन पाहिला. निधी जर्मन संशोधन प्रतिष्ठानाचा होता. आहारतज्ज्ञ, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि रोगप्रतिकारशक्तीचे अभ्यासक, सगळे एकाच जीवाणूमागे लागले होते. पुढे रॉबर्ट कॉख संस्थेचे, म्हणजे जर्मनीच्या साथरोग नियंत्रण संस्थेचे, अध्यक्ष म्हणून कोविडच्या काळात जर्मन टीव्हीवर रोज दिसणारे लोथार वीलर हे मूळचे पशुवैद्यक, आणि ते या कामात होते. वराहपालनातल्या प्रोबायोटिकविषयी बोलताना मी हेच प्रकरण पुढे ठेवतो. एका वाणाकडे, म्हणजे जीवाणूच्या जातीतल्या एका विशिष्ट प्रकाराकडे, इतक्या बाजूंनी पाहिलेले आणि अडचणीचे निकालही छापलेले काम या क्षेत्रात फार सापडत नाही.

जीवाणूचे नाव एन्टरोकॉकस फिशियम, वाण एनसीआयएमबी १०४१५. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनच्या जीवाणू संग्रहातला हा नोंदणी क्रमांक आहे. माणसांच्या हगवणीवरही हाच वाण एसएफ ६८ या नावाने वापरला गेला आहे. नावाच्या पुढचा हा क्रमांक नजरेआड करू नका. एन्टरोकॉकस फिशियमचेच दुसरे वाण रुग्णालयांतल्या अतिदक्षता विभागात व्हॅन्कोमायसिनसारख्या जालीम प्रतिजैविकालाही दाद न देणारे संसर्ग घडवतात. पाकिटावर नुसते जातीचे नाव असेल आणि वाणाचा क्रमांक नसेल, तर आत काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

आता अडचण पाहू. दूधपित्या पिल्लाला प्रोबायोटिक द्यायचे तरी कसे? ते खाद्य खात नाही. दुसऱ्या आठवड्यानंतर ठेवलेल्या भुकटीला तोंड लावते, तेही खेळल्यासारखे. पहिले दहा-बारा दिवस त्याच्या पोटात फक्त चीक आणि दूध जाते. आणि हगवणीचा खरा धोका याच दिवसांत असतो.

जन्मलेले पिल्लू सव्वा ते दीड किलोचे असते. डुकरिणीच्या वारेतून प्रतिपिंडे पिल्लापर्यंत पोहोचत नाहीत, त्यामुळे पहिल्या २४ तासांत जेवढा चीक पोटात गेला तेवढेच त्याचे संरक्षण. त्यानंतर आतड्याची दारे मिटतात. किमान २०० ते २५० ग्रॅम चीक लागतो. अंगावर चरबी जवळजवळ नसते, त्यामुळे ३२ ते ३५ अंश सेल्सिअसची ऊब लागते. आईला मात्र २० अंशांच्या आसपासच बरे वाटते. एकाच खणात दोन हवामाने सांभाळायची, हे प्रसूतीच्या शेडमधले रोजचे काम. गारठलेले पिल्लू सडापर्यंत पोहोचत नाही, चीक कमी पिते, आणि मग ई. कोलाय हा आतड्यातला जीवाणू त्याला गाठतो. अशा पिल्लाच्या तोंडात महागडी पेस्ट पिळून उपयोग नाही.

दुसरी बाजूही आहे. दूधपिते पिल्लू जीवाणूंच्या बाबतीत उपाशी नसतेच. दुधातल्या लॅक्टोजवर लॅक्टोबॅसिलस पोसतात आणि जठरात लॅक्टिक आम्ल तयार करतात. पिल्लाचे स्वतःचे जठराम्ल पुरेसे तयार होईपर्यंत हेच आम्ल पहारा देते. म्हणजे निरोगी, पोटभर दूध प्यायलेल्या पिल्लाच्या पोटात निसर्गाने आधीच प्रोबायोटिक ठेवलेले असते. वरून दिलेल्याचा परिणाम अशा पिल्लात फारसा दिसणार नाही, हे गृहीत धरूनच पुढचे वाचावे.

बर्लिनच्या गटाने पिल्लाच्या तोंडात काही घातले नाही. त्यांनी आईपासून सुरुवात केली. साधारण दोन डझन माद्यांचे दोन गट पाडले. एका गटाच्या खाद्यात गाभणकाळाच्या सुरुवातीच्या टप्प्यापासून दूध तोडेपर्यंत हा वाण मिसळला, ग्रॅममागे लाखांच्या घरात जिवंत जीवाणू. पिल्लांच्या खाद्यात तो पंधराव्या दिवसापासून घातला. दूध २८व्या दिवशी तोडले आणि पिल्लांना आठ आठवड्यांची होईपर्यंत पाहिले.

मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट मोजणीत सापडते. प्रोबायोटिक खाणाऱ्या माद्यांच्या पिल्लांमध्ये तो वाण पिल्लांना खाद्यातून मिळण्याआधीच आढळला. मार्ग उघड आहे. पिल्ले आईची विष्ठा हुंगतात, चाटतात, खातात. सड, कास आणि जमीन सगळे तिच्याच विष्ठेने माखलेले असते. आपल्याला ते किळसवाणे वाटते, पण पिल्लाच्या आतड्यात पहिली वस्ती याच वाटेने होते. म्हणून दूधपित्या पिल्लांना प्रोबायोटिक द्यायचे असेल तर विण्याच्या तीन-चार आठवडे आधीपासून आईच्या गव्हाणीत घालणे हा पिल्लांपर्यंतचा सर्वांत स्वस्त आणि कमी त्रासाचा रस्ता आहे. एका वेतातल्या दहा-बारा पिल्लांना रोज एकेक करून पकडावे लागत नाही, आणि त्यामुळे होणारी धावपळ, किंचाळणे आणि आईचे बिथरणेही टळते.

पण आईदेखील यंत्र नाही. त्याच विद्यापीठात नंतर झालेल्या कामात दिसले की काही माद्यांच्या विष्ठेत हा वाण भरपूर वाढतो, तर काहींच्यात तेच खाद्य खाऊनही तो जेमतेम टिकतो. या दोन प्रकारच्या माद्यांच्या पिल्लांमधली जीवाणूंची वस्तीही वेगवेगळी निघाली. एकाच शेडमध्ये, एकाच पोत्यातले खाद्य खाऊन शेजारच्या दोन खणांत निकाल उलटसुलट का येतात, या जुन्या तक्रारीचे निदान अर्धे उत्तर तरी इथे आहे.

निकालांकडे येतो. वजनवाढीत फरक पडला नाही, ना माद्यांच्या, ना पिल्लांच्या. दूध तोडण्याआधीची मरतूक प्रोबायोटिक गटात कमी दिसली, पण गट लहान होते आणि तो फरक योगायोगानेही येऊ शकतो, असेच गणित सांगते. माहितीपत्रक लिहिणारा माणूस नेमका हाच आकडा ठळक छापतो. दूध तोडल्यानंतरची हगवण मात्र खरोखर घटली. हगवण लागणाऱ्या पिल्लांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले.

ती का घटली, हे पाहताना त्यांनी आतड्यातले कोलाय प्रकारचे एकूण जीवाणू मोजले. संख्येत फरक नव्हता. फरक होता तो जातकुळीत. रक्तपेशी फोडणारे ई. कोलाय आणि ओ १४१ या गटातले, म्हणजे डुकरांना आजारी पाडणारे प्रकार, प्रोबायोटिक गटात लक्षणीय कमी झाले होते. गर्दी तेवढीच, पण गुंड कमी. आपल्याकडच्या प्रयोगशाळेच्या अहवालात नुसते ‘ई. कोलाय आढळला’ असे लिहून येते. तो कोणत्या प्रकारचा, हे विचारल्याशिवाय त्या ओळीचा उपयोग शून्य, कारण ई. कोलाय प्रत्येक निरोगी पिल्लातही असतोच.

मग क्लॅमिडियाचा भाग. प्रयोगातल्या दोन्ही गटांच्या सर्व माद्यांमध्ये क्लॅमिडिया या रोगकारक जीवाणूचा नैसर्गिक संसर्ग आधीपासून होता. त्यांच्या पिल्लांना वेगवेगळे, काटेकोरपणे अलग ठेवले. प्रोबायोटिक न मिळालेल्या गटात ८५ टक्के पिल्ले क्लॅमिडियाबाधित निघाली, प्रोबायोटिक गटात ६० टक्के. आईकडून पिल्लाकडे जाणारा संसर्ग थांबला नाही, कमी झाला. तरी आईच्या खाद्यातल्या जीवाणूने पिल्लाला लागणाऱ्या रोगावर परिणाम करावा, ही साधी गोष्ट नाही.

इथे थांबले असते तर ही एक चांगली जाहिरात झाली असती.

पुढच्या प्रश्नासाठी त्यांनी साल्मोनेला हा आतड्याचा संसर्ग घडवणारा जीवाणू निवडला. साल्मोनेला टायफिम्युरियमचा डीटी १०४ हा प्रकार अनेक प्रतिजैविकांना दाद देत नाही आणि डुकराच्या मांसातून माणसापर्यंत येतो. या वेळी ८९ पिल्ले घेतली, त्यांचे दोन गट केले. एका गटाला चौदाव्या दिवसापासून, म्हणजे आईला पीत असतानाच, प्रोबायोटिक मिसळलेले खाद्य सुरू केले. २८व्या दिवशी दोन्ही गटांना जाणूनबुजून साल्मोनेला दिला. अपेक्षा काय असणार हे सांगायला नको.

घडले उलटे. कोणत्याच गटात पिल्ले गंभीर आजारी पडली नाहीत. पण प्रोबायोटिक खाल्लेल्या पिल्लांच्या विष्ठेतून साल्मोनेला अधिक बाहेर पडला, आणि त्यांच्या अवयवांतही तो अधिक सापडला. फरक सांख्यिकीदृष्ट्या ठाम होता. त्यांच्या रक्तात साल्मोनेलाविरुद्धची प्रतिपिंडेही जास्त होती. काहींनी यात ‘प्रतिकारशक्ती वाढली’ असे समाधान शोधले. मला ते पटत नाही. जंतू जास्त असला की त्याविरुद्धची प्रतिपिंडे जास्त तयार होणारच. घरात जास्त चोर शिरले म्हणून पोलिसांत जास्त तक्रारी गेल्या, याला कोणी सुरक्षा वाढली म्हणत नाही. हा निकाल २००९ मध्ये प्रसिद्ध झाला.

याचा एक धागा आधीच्या कामात होता. याच वाणाच्या आधीच्या चाचणीत प्रोबायोटिक गटातल्या पिल्लांच्या लहान आतड्याच्या अस्तरात सीडी ८ प्रकारच्या, म्हणजे बाधित पेशी मारणाऱ्या टी-पेशी कमी आढळल्या होत्या. आठ आठवड्यांच्या वयात रक्तातली एकूण आयजीजी प्रतिपिंडेही कमी होती. तेव्हा संशोधकांनी त्याचा अर्थ असा लावला की रोगकारक जंतूंचा भार कमी झाला, म्हणून आतड्यावरचा पहाराही कमी ठेवावा लागला. तो अर्थ बरोबरही असेल. पण पहारा कमी असलेल्या आतड्यात साल्मोनेलासारखा पेशींच्या आत शिरणारा जंतू आला तर काय, हा प्रश्न त्यातूनच निघतो. ई. कोलायची हगवण आतड्याला चिकटून विष सोडण्यामुळे होते, साल्मोनेला भिंत ओलांडून आत जातो. एकाविरुद्ध कामाला येणारी शांतता दुसऱ्याच्या पथ्यावर पडू शकते. हे सिद्ध झाले आहे असे मी म्हणणार नाही, पण दोन्ही निकाल शेजारी ठेवले की दुसरे काही सुचतही नाही.

त्याच वर्तुळात एका दुसऱ्या जीवाणूचीही चाचणी झाली होती: बॅसिलस सेरियस, वाण टोयोई. बॅसिलस बीजाणू, म्हणजे स्वतःचे टणक, सुप्त रूप, तयार करतो, त्यामुळे खाद्याच्या गोळ्या बनवताना लागणारी उष्णता तो सहज सोसतो, आणि कंपन्यांना तो आवडतो. याच डीटी १०४ प्रकारासमोर टोयोई दिलेल्या पिल्लांना हगवण कमी लागली. म्हणजे साल्मोनेलाच्या बाबतीत हा उजवा ठरला. पण युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्याच्या जनुकांची छाननी केली तेव्हा त्यात टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकांना प्रतिकार देणारी जनुके निघाली, शिवाय विष तयार करण्याची क्षमता. २०१३ मध्ये युरोपीय आयोगाने त्याची परवानगी स्थगित केली. प्रतिजैविकांना पर्याय म्हणून आलेला जीवाणू प्रतिजैविक-प्रतिकाराची जनुके घेऊन फिरत होता.

हे सगळे दूध तोडण्याच्या आसपासचे. पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाच्या तोंडात थेट दिले तर? त्याचे उत्तर बर्लिनबाहेरचे आहे. उत्तर जर्मनीतल्या रोस्टॉकमध्ये याच एन्टरोकॉकस वाणाची मात्रा पिल्लांना जन्मापासून दूध तोडेपर्यंत तोंडाने दिली. तिथे हगवण कमी झाली आणि वजनही चांगले भरले. म्हणजे थेट मार्गही चालतो, मनुष्यबळ असेल तर. जर्मनीतल्या चाचणीत ते असते. आपल्याकडे चार माद्यांच्या शेडमध्येही ते जमते, पण शंभर माद्यांच्या फार्मवर पाचव्या दिवशी कामगार तो डोस बादलीत ओतून मोकळा होतो.

आपल्या भागात येऊ. महाराष्ट्रात बंदिस्त वराहपालन करणारे बहुतेक लोक यॉर्कशायर किंवा संकरित माद्या लोखंडी खणात, काँक्रीटवर विऊ देतात. गोव्यात घरामागे मोकळी फिरणारी आगोंदा गोवन मादी मातीत विते तेव्हा पिल्लाला मातीतून लोहही मिळते आणि जीवाणूही. काँक्रीटवरच्या पिल्लाला दोन्ही मिळत नाही. लोहाचे इंजेक्शन आपण तिसऱ्या दिवशी देतो, कारण त्याला रोज ७ ते १० मिलिग्रॅम लोह लागते आणि दुधातून जेमतेम १ मिलिग्रॅम मिळते. जीवाणूंचे इतके सोपे गणित नाही.

हगवणीच्या वयाकडे आधी बघा. पहिल्या चार दिवसांत पाण्यासारखी पिवळी हगवण असेल तर संशय ई. कोलायवर, आणि तिथे गाभण मादीला विण्याआधी दिलेली लस आणि पुरेसा चीक यांच्यासमोर प्रोबायोटिक दुय्यम आहे. रक्तमिश्रित हगवण लागून पिल्ले एक-दोन दिवसांत मरत असतील तर क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स, प्रकार ‘सी’ आठवा. त्याचे विष खरे तर ट्रिप्सिन या पाचक रसाने नष्ट होते, पण चिकातली प्रतिपिंडे पचून जाऊ नयेत म्हणून चिकातच ट्रिप्सिनला अडवणारे घटक असतात, आणि त्यांच्या आडोशाने विषही वाचते. दुसऱ्या आठवड्यात दह्यासारखी पिवळट, प्रतिजैविकाने न हटणारी हगवण ही बहुधा कॉक्सिडियाची. तो जीवाणू नव्हे, एकपेशीय परजीवी आहे, आणि त्यावर पाकिटातला कोणताही जीवाणू मी प्रभावी ठरलेला पाहिलेला नाही. तिथे टोल्ट्राझुरिल हे परजीवीवरचे औषध आणि दोन वेतांच्या मधली खणाची स्वच्छता. कॉक्सिडियाच्या शेडमध्ये प्रोबायोटिक देऊन ‘काही फरक नाही’ म्हणणारे जितके भेटतात, तितकेच ‘गुण आला’ म्हणणारेही भेटतात. ती हगवण बऱ्याचदा आठवड्याभरात आपोआप ओसरते, हे दोघांनाही ठाऊक नसते.

आणखी एक गोष्ट सर्रास घडते. हगवण दिसली की एका हाताने अमॉक्सिसिलिन आणि दुसऱ्या हाताने प्रोबायोटिक. पशुखाद्यासाठी मान्यता मिळालेला एन्टरोकॉकस वाण या गटातल्या औषधांना संवेदनशील असावाच लागतो; तसा नसेल तर त्याला मान्यता मिळत नाही. म्हणजे आपण विकत घेतलेला जीवाणू आपल्याच औषधाने मरतो. जीवाणू द्यायचा असेल तर औषध संपल्यावर. प्रतिजैविकांचा हात आखडता घेण्याला आता कायदेशीर कारणही आहे: अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिन या प्रतिजैविकाच्या वापरावर भारतात २०१९ मध्ये बंदी आली, आणि पिल्लांच्या हगवणीवर त्याचा वापर होत असे.

साठवणीबद्दल थोडेच. बीजाणू न करणारा जीवाणू विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत टिकत नाही. पाकिटावरची जीवाणूंची संख्या कारखान्यातून निघतानाची आहे की मुदत संपेपर्यंतची हमी आहे, हे विक्रेत्याला विचारा. उत्तर देताना तो चाचरला तर तेही उत्तरच आहे.

आणि तरी वापरून पाहायचे असेल, तर बर्लिनच्या चाचणीतली एक शिस्त उचलण्यासारखी आहे. आपल्याकडे वराहपालक काय करतो, एकाच वेतातल्या पाच पिल्लांना डोस देतो, पाचांना देत नाही, आणि दोन आठवड्यांनी तुलना करतो. ती तुलना पहिल्या दिवशीच बाद होते, कारण सगळी पिल्ले एकच विष्ठा चाटतात आणि दिलेला जीवाणू न दिलेल्यांच्या पोटात पोहोचलेला असतो. तुलना खणाखणांत करायची. विण्याच्या तीन आठवडे आधीपासून एकाआड एक मादीच्या खाद्यात जीवाणू घालायचा, न घातलेल्या माद्यांचे खाद्य आधी वाढायचे, दोन्ही बाजूंचे झाडू, फावडे आणि गमबूट वेगळे ठेवायचे, आणि नोंदवहीत तीनच रकाने आखायचे: हगवण लागलेली पिल्ले, ती कोणत्या दिवशी लागली, आणि दूध तोडतानाचे वेताचे एकूण वजन. आणि फार्मवर साल्मोनेलाचा इतिहास असेल, तर एन्टरोकॉकसचे पाकीट फोडण्याआधी विष्ठेची तपासणी करून घ्या.